प्रिंटमधली शिरोरेषा तुटत असेल तर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात लेकीची एमएचटी-सीईटी, आणि आम्ही रात्री साडेदहाला हॉलतिकिटाची प्रिंट काढायला बसलो. पान बाहेर आलं ते फोटो गुलाबी आणि नावावर आडव्या पांढऱ्या रेघा घेऊन. प्रिंटर जेमतेम दीड वर्षाचा, शाईच्या चारही टाक्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या. मी हेड क्लीनिंग, म्हणजे शाईची छिद्रं धुवायचा प्रिंटरमधलाच पर्याय, तो केला. परत केलं. असं सहा वेळा केलं, आणि सहाव्या वेळेनंतर आधी जे दिसत होतं तेही दिसेनासं झालं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे छोटा लेझर प्रिंटर आहे हे आठवलं. रात्री अकराला त्यांची बेल वाजवली. काकांनी काही न विचारता प्रिंट काढून दिली.

हा त्रास एकदाच झाला असता तर मी विसरून गेले असते. पण पंधरा-वीस दिवस प्रिंटर पडून राहिला की दर वेळी हेच व्हायचं. साफसफाई केली की चार दिवस बरं, मग पुन्हा रेघा. शाई छापण्यात कमी आणि धुण्यातच जास्त जात होती. त्यानंतर मी या यंत्राचा नाद सोडला नाही. मेकॅनिककडून शिकले, स्वतः करून पाहिलं. तेच इथे लिहितेय, कारण हीच तक्रार मला नातेवाइकांकडून आणि सोसायटीतून दर महिन्याला ऐकू येते.

आधी पान नीट बघा

बिघाड कुठे आहे हे बऱ्याचदा पानच सांगतं, आणि आपली लिपी या कामात फार मदत करते. मराठीतला एखादा परिच्छेद छापा आणि दोनच गोष्टी बघा, शिरोरेषा आणि काना.

इंकजेट म्हणजे पातळ शाईचा प्रिंटर. त्याचं हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, पानाच्या रुंदीत आडवं धावतं. हेडच्या पोटाला शेकडो बारीक छिद्रं असतात, त्यांना नोझल म्हणतात, आणि ती पानाच्या लांबीच्या दिशेने रांगेत असतात. त्यातलं एखादं बुजलं की तेवढ्या जाडीची पांढरी रेघ पानभर आडवी जाते. इंग्रजी मजकुरात ती कधी कधी खपून जाते. मराठीत ती नेमकी शिरोरेषेवर आली, की अख्ख्या शब्दाचं डोकं उडतं आणि 'भ' कुठला आणि 'म' कुठला ते कळेनासं होतं. शिरोरेषा तुटली किंवा गायब झाली असेल तर नोझल बुजलंय असं समजा.

शिरोरेषा धड आहे, पण काना, वेलांटीची उभी दांडी किंवा दंड मध्येच तुटून जिन्याच्या पायरीसारखा सरकलाय किंवा दुहेरी दिसतोय, तर छिद्रं ठीक आहेत. हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापतं. त्या दोन फेऱ्यांचा मेळ बसत नाहीये. याला साफसफाई करू नका, शाई फुकट जाईल. मेंटेनन्सच्या यादीत हेड अलाइनमेंट असतं, ते करा.

रंगाचंही तसंच. फोटो गुलाबी-लालसर आला तर सायन, म्हणजे निळी शाई येत नाहीये. हिरवट आला तर मजेंटा बंद आहे. निळा-जांभळा आला तर पिवळी. त्या रात्री मला एवढं ठाऊक असतं तरी सहा वेळा चारही रंग ओतून टाकले नसते.

लेझर प्रिंटरची भाषा वेगळी. तिथे पांढरी पट्टी बहुधा उभी येते. टोनर, म्हणजे शाईऐवजी असलेली कोरडी पावडर, संपत आलाय किंवा आत एका बाजूला गोळा झालाय असा त्याचा अर्थ. कार्ट्रिज काढून आडवं धरा आणि हळू चार-पाच वेळा डावी-उजवीकडे हलवून परत बसवा, बरीच पानं अजून निघतात. ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा तोच काळा ठिपका येत असेल तर ड्रमवर, म्हणजे पानाचं चित्र आधी ज्यावर उमटतं त्या नळकांड्यावर, किंवा एखाद्या रोलरवर ओरखडा आहे. ते अंतर पट्टीने मोजून मेकॅनिकला सांगा. रोलरच्या घेराएवढं ते असतं, त्यामुळे कुठला रोलर ते त्याला लगेच कळतं. अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर कागद दमट किंवा जाड आहे, नाहीतर पावडर वितळवणारा फ्युझर पुरेसा तापत नाहीये.

आणखी एक. प्रिंट स्वच्छ येते, पण वरच्या फीडरमधून झेरॉक्स काढली की पानभर उभी काळी रेघ येते, असं असेल तर प्रिंटर धडधाकट आहे. मोठ्या काचेच्या शेजारी बोटभर रुंदीची एक अरुंद काचपट्टी असते, तिच्यावर कणभर काहीतरी चिकटलंय. ओलसर मऊ कापडाने पुसा. एका शेजाऱ्यांनी या रेघेपायी स्कॅनर बदलायला काढला होता.

भिंतीवरचं बटण

परीक्षेनंतर मी मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी प्रिंटरला हातही लावायच्या आधी विचारलं, "ताई, तुम्ही प्रिंटर बंद कसा करता?" मी म्हटलं, करतो तसाच, भिंतीवरचं बटण बंद करून. आमच्याकडे टीव्ही, मिक्सर, चार्जर सगळं तसंच बंद होतं. रात्री झोपताना घरभर बटणं बंद करत जायची सासूबाईंची जुनी शिस्त आहे, आणि विजेच्या बाबतीत ती चांगलीच आहे.

त्यांनी झाकण उघडलं. हेड वाटेत मधोमध उभं होतं. मग मोबाईलचा टॉर्च उजव्या टोकाला मारून त्यांनी मला आत बघायला सांगितलं. तिथे हेडचं घर असतं. बोटाच्या पेराएवढी एक वाटी, तिला रबराची कड. काम संपलं की हेड तिथे जाऊन बसतं, वाटी खालून घट्ट टेकते आणि छिद्रांना हवा लागत नाही. आमच्या वाटीच्या कडेवर शाईची काळी पापडी धरली होती, जुन्या काजळाच्या डबीला धरते तशी. त्यामुळे हेड घरी येऊन बसलं तरी झाकण नीट लागत नव्हतं. इयरबड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून त्यांनी ती कड पुसली. पाच बड काळे झाले, सहावा जवळजवळ पांढरा निघाला.

दुखण्याचं मूळ तिथे होतं. घरगुती प्रिंटरच्या शाईत बहुतांश पाणीच असतं. हेड उघडं राहिलं की छिद्राच्या तोंडाशी पाणी उडून जातं आणि रंग तिथेच बसतो. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर तो आधी हेड घरी नेतो, झाकतो, मग बंद होतो. काही सेकंद घरघर ऐकू येते ती त्याचीच. भिंतीवरून वीज तोडली आणि नेमकं तेव्हा हेड वाटेत असलं, तर ते तिथेच उघडं राहतं. आणि परत चालू केल्यावर बरेच प्रिंटर आपणहून साफसफाई करून घेतात, म्हणजे रोज बटण बंद-चालू करणाऱ्या घरात रोज थोडी शाई वाया जाते.

तर नियम एवढाच: आधी प्रिंटरवरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबा, मग हवं तर भिंतीवरचं. छपाई चालू असताना वीज गेली तर आल्यावर एकदा चालू करून बटणाने बंद करा. आमच्या घरी त्या सॉकेटवर मी लाल टिकली लावून ठेवलीय, आणि सासूबाई आता बाकी सगळी बटणं बंद करतात पण त्या टिकलीला हात लावत नाहीत.

साफसफाई, पण बेताने

पहिलं काम नोझल चेक. साध्या कागदावर चार रंगांत पायऱ्या-पायऱ्यांची जाळी छापली जाते. कुठली रेघ गायब आहे ते पेनाने गोल करून ठेवा आणि वर तारीख घाला. मग एकदाच हेड क्लीनिंग, परत नोझल चेक, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. गायब रेघा कमी झाल्या असतील तर अजून एकदा करा. तीन वेळा करूनही फरक नसेल तर थांबा. बटणाने बंद करा आणि रात्रभर तसाच ठेवा. झाकलेल्या हेडमधली ताजी शाई वाळलेल्या शाईला हळूहळू मऊ करते, आणि सकाळी एकाच फेरीत काम होतं असं मी अनेकदा पाहिलंय. लागोपाठ सहा-सात वेळा केलं तर उलट नळीत हवा खेचली जाण्याची भीती असते. माझ्याकडे त्या रात्री चालू रंगही गेले ते बहुधा असेच.

टाकीवाल्या काही प्रिंटरमध्ये पॉवर क्लीनिंग नावाचा मोठ्या धुलाईचा पर्याय असतो. तो नळ्यांमधली शाईच बदलतो. टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या असल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि तो शेवटचा उपाय समजा.

ज्यांच्या कार्ट्रिजलाच हेड असतं, म्हणजे कार्ट्रिजच्या खाली तांबूस पट्टी आणि बारीक छिद्रांची रेघ दिसते, त्यांच्यासाठी सोपी युक्ती आहे. चष्मा पुसायचं कापड कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलं करा, चौघडी घाला, त्यावर कार्ट्रिज टेकवून मिनिटभर धरा. रंगीत कार्ट्रिजचे तीन स्वच्छ पट्टे कापडावर उमटले की झालं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार छिद्रात बसतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, तो प्लास्टिक आणि गोंद खातो. डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त बाटली वाचून घ्या, तिथेच शेजारी ॲसिडही ठेवलेलं असतं.

रात्र झालीय, दुकानं बंद आहेत आणि पान हवंच आहे, अशा वेळी दोन गोष्टी करून बघा. छपाईचा दर्जा सर्वांत वरचा ठेवा. तेव्हा हेड एकाच ओळीवरून अनेकदा जातं आणि बुजलेल्या छिद्राची जागा दुसरं छिद्र भरून काढतं. आणि फक्त काळा रंगच येत नसेल तर मजकूर गडद निळा करून छापा. परीक्षा केंद्रावर वाचता येण्याजोगं हॉलतिकीट लागतं, शाई काळीच हवी असं नाही.

साफसफाईची शाई जाते कुठे, हेही बघून घ्या. प्रिंटरच्या तळाशी स्पंजासारखा जाड पॅड असतो, तो ती शोषतो. प्रिंटर मनात मोजत असतो, आणि हिशोब भरला की सरळ छपाई बंद करून पॅड बदला असा संदेश दाखवतो. इंटरनेटवर तो आकडा शून्य करणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. ती घेऊ नका. एक तर त्यात व्हायरस असण्याची भीती, आणि पॅड तसाच ठेवून नुसता आकडा पुसला तर शाई एक दिवस टेबलावर उतरते. नव्या काही मॉडेलमध्ये हा पॅड मेंटेनन्स बॉक्स म्हणून बाहेरून बदलता येतो. घेताना हे नक्की विचारा, दुकानदार आपणहून सांगत नाही.

पावसाळा आणि पाठकोरे कागद

आमच्या रत्नागिरीत जून लागला की कागद मऊ पडतो. हातात धरलं की कडक आवाज येत नाही. असा कागद एकमेकाला चिकटतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, नाहीतर पान वाकडं जाऊन अडकतं. मग लोक म्हणतात रोलर गेला. बऱ्याचदा रोलर गेलेला नसतो. रिमचं वेष्टण आतून ओल धरू देत नाही, म्हणून ते टराटरा फाडू नका. एका टोकाला उघडा, लागतील तेवढी वीस-पंचवीस पानं काढा आणि बाकी परत गुंडाळून ठेवा. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी पानं पत्त्यांसारखी पिसा. ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पावसात फारच नरम पडतो. आम्ही ते चार महिने ७५ किंवा ८० जीएसएमचा घेतो.

एवढं करून पानं घसरत असतील तर रोलर बघा. कागदाची धूळ बसून त्याचं रबर गुळगुळीत आणि चकचकीत झालेलं असतं. ओल्या कापडाने हाताने फिरवत पुसा, वाळू द्या.

पाठकोऱ्या कागदांबद्दल मला मनापासून सांगायचंय. कागद वाया घालवायचा नाही हा आपल्या घरांचा चांगला संस्कार आहे आणि मीही पाठकोरं पान फेकत नाही. पण ते प्रिंटरमध्ये घालण्याआधी प्रत्येक पान उजेडात धरा. स्टेपलरची पिन राहिलेली असते, कोपरा दुमडलेला असतो. आमच्या अडकण्याच्या दर तीन वेळांपैकी दोनदा कारण हेच निघालं. लेझरच्या ड्रमवर पिनेचा एक ओरखडा पडला की पुढचं प्रत्येक पान तो ओरखडा दाखवणार. म्हणून लेझरमध्ये पाठकोरा कागद नाहीच, तो वाणसामानाच्या यादीसाठी ठेवायचा.

अडकलेलं पान ओढताना कागद जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश. फाटलं तर तुकडे जुळवून पान पुरं होतंय का ते बघा. पेराएवढा तुकडा आत राहिला की महिनाभर 'पेपर जॅम' येत राहतं. मागून कागद घालायचा प्रिंटर असेल तर ती फट वापर नसताना झाकून ठेवा. आमच्या फटीतून एक हेअरपिन आणि खोडरबराचा अर्धा तुकडा निघाला होता.

प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो

प्रिंटर समोर चालू आहे, दिवा लागलाय, आणि कॉम्प्युटर म्हणतो ऑफलाइन. वीज जाऊन आल्यावर हे हमखास होतं, आणि कारण अगदी साधं असतं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. वीज आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो आणि प्रिंटरला कधी ७ मिळतो, कधी १२. कॉम्प्युटर मात्र जुन्या पत्त्यावरच दार वाजवत बसतो. प्रिंटर काढून पुन्हा जोडला की चालतो तो यामुळेच, आणि पुढच्या वेळी वीज गेली की परत तेच. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता त्याच्या नावे राखून ठेवणं. इंटरनेटवाल्याचा माणूस कधी घरी आला की त्याच्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

घरातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, हेही लक्षात ठेवा. राउटर बदलला तर नव्या वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे प्रिंटर आपोआप जोडला जातो. आणि कॉम्प्युटर प्रिंटरच्या शेजारीच असेल तर साधी यूएसबी केबल लावा. मी शेवटी तेच केलं.

एखादी प्रिंट रांगेत अडकली आणि काही केल्या रद्द होत नसेल, तर विंडोजमध्ये सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, मग सिस्टम३२, मग स्पूल, मग प्रिंटर्स या फोल्डरातल्या फायली काढून टाका, फोल्डर तसाच ठेवा, आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. कॉम्प्युटर फॉरमॅट करायची गरज नाही.

मराठी पीडीएफची जोडाक्षरं छापताना तुटत असतील, म्हणजे पडद्यावर बरोबर आणि कागदावर विस्कटलेली, तर दोष शाईचा नसतो, फाँटचा असतो. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड वर जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' वर खूण करा. पान चित्र म्हणून जातं आणि जसं दिसतं तसं छापलं जातं.

मग घ्यायचा कुठला

गेल्या वर्षी मी वहीत प्रत्येक प्रिंटची नोंद ठेवली. वर्षभरात ४१२ पानं, त्यातली ६० रंगीत. आमच्या नाक्यावर काळ्या पानाला ३ रुपये आणि रंगीत पानाला १० रुपये घेतात. म्हणजे १,०५६ आणि ६००, एकूण १,६५६ रुपये. एवढ्यासाठी दहा-बारा हजारांचा प्रिंटर पैशांच्या हिशोबात बसत नाही, हे मी स्पष्ट सांगते. महिन्याला वीस-तीस पानं असतील आणि खाली दुकान असेल तर प्रिंटर न घेणं हाही योग्य निर्णय आहे.

तरी मी प्रिंटर ठेवते, त्याचं कारण पैसा नाही. दुकानात प्रिंट काढायची म्हणजे आधारकार्ड, पॅनकार्ड, सासऱ्यांच्या पेन्शनचे कागद झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकायचे. तो माणूस भला असतो, पण त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये गावातल्या निम्म्या लोकांची कागदपत्रं पडलेली मी डोळ्यांनी पाहिलीत. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री साडेदहाला दुकान उघडं नसतं.

तुमच्या घरी मुख्यतः मजकूर छापला जात असेल, सातबारा, अर्ज, हॉलतिकिटं, आणि तोही मधूनमधून, तर काळ्या-पांढऱ्या लेझरशिवाय दुसरा विचार करू नका. त्याचा टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पावडर. या पद्धतीचे अमेरिकी संशोधक चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली प्रत उमटवली ती कोरड्या पावडरनेच. पुढे तिला झेरोग्राफी नाव पडलं, कारण ग्रीकमध्ये 'झेरोस' म्हणजे कोरडं. आपण दिवसभर झेरॉक्स झेरॉक्स म्हणतो त्या शब्दातच उत्तर आहे: जे मुळात कोरडं आहे ते वाळून बुजत नाही. काकांचा प्रिंटर तीन महिने पडून होता आणि त्या रात्री पहिलंच पान स्वच्छ निघालं. फक्त लेझर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका. फ्युझर तापताना तो एकदम खूप वीज खेचतो.

शाळकरी मुलं आहेत, प्रोजेक्ट आहेत, रंग लागतोच, तर टाकीवाला इंकजेट घ्या, पण आठवड्यातून एकदा तरी वापर होणार असेल तरच. विचारायचे तीन प्रश्न: हेड आपल्याला घरी बदलता येतं का, मेंटेनन्स बॉक्स बाहेरून निघतो का, आणि वॉरंटीत मेकॅनिक घरी येतो की मशीन घेऊन जायचं. कोकणात हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. प्रिंटर पिशवीत घालून एसटीने कोल्हापूरला न्यायची वेळ येऊ नये, आणि टाकीवाला प्रिंटर तिरका झाला की आत शाई सांडते हे वेगळंच.

स्वस्तातला कार्ट्रिजवाला प्रिंटर मी कुणालाच सुचवत नाही. माझा पहिला तसाच होता. समजा कार्ट्रिज ८०० रुपयांचं आहे आणि खोक्यावर १२० पानं लिहिलंय, तर एका पानाला शाईचेच साडेसहा रुपयांहून जास्त पडतात, नाक्यावरच्या दुकानाच्या दुप्पट. शिवाय तो आकडा ठरावीक नमुना पानांवर काढलेला असतो. ढोबळ हिशोब असा, की पानाचा फक्त पाचेक टक्के भाग शाईने भरलेला. इतिहासाच्या प्रोजेक्टमधला रायगडाचा पानभर फोटो त्यात बसत नाही. बाहेरची शाई भरू म्हणाल तर कार्ट्रिज कंपनीचंच आहे का ते ओळखणारी चिप आडवी येते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरनी जगभर एकाएकी इतर बनावटीची कार्ट्रिज नाकारली. लोकांनी ओरड केल्यावर कंपनीने ग्राहकांना नीट कल्पना न दिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि ती अडवणूक काढणारं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं. आपण विकत घेतलेल्या यंत्रात काय भरायचं हे आपण ठरवावं असं मला ठामपणे वाटतं. म्हणून घेण्याआधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा, फक्त कंपनीचीच शाई चालेल असं लिहिलंय का ते बघा.

आमच्याकडे आता तो जुनाच टाकीवाला प्रिंटर चालू आहे, चौथं वर्ष. दर रविवारी सकाळी एक पान निघतं आणि फ्रिजवर लागतं. काळ्यात आठवड्याच्या भाज्या आणि डबे, निळ्यात लेकीच्या कॉलेजचं वेळापत्रक, गुलाबीत सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, आणि खाली पिवळ्याची एक जाड पट्टी. पिवळी शाई पांढऱ्या कागदावर डोळ्याला पटकन दिसत नाही, त्यामुळे ती बुजलेली सर्वांत उशिरा कळते. म्हणून ती पट्टी मी जाड ठेवते, तिच्यावर वाराचं नाव काळ्यात छापते, आणि पान बाहेर आलं की आधी त्या नावाची शिरोरेषा बघते.